पाटबंधारेची पडून राहिलेली जमीन : परत मिळते, विकत मिळते, की नुसती भाड्याने?

शिवारातला

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण असे तुकडे गावोगाव पडलेले असणार म्हणून वेगळा धागा काढतोय.

आमच्या तालुक्यात ऐंशीच्या दशकात एक मध्यम धरण प्रकल्प झाला. भिंतीला लागणारी माती आमच्या आणि चुलत्यांच्या रानातून उचलली. खात्याची वसाहत, सिमेंटचं गोडाऊन, गाड्यांचं शेड यासाठी शेजारचा पट्टाही गेला. संपादन रीतसर झालं. निवाडा झाला, आजोबांनी पैसे उचलले, वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली कोर्टात गेले, तेही मिळाले. तेव्हा आमची फसवणूक झाली असं रडगाणं मुळीच नाही.

आज तिथे काय आहे? मातीखाणीत पावसाळ्यात डबकं आणि उरलेलं वर्षभर वेड्या बाभळी. वसाहतीच्या खोल्यांचे पत्रे, चौकटी, अगदी फरशासुद्धा लोकांनी नेल्या. एका भिंतीवर निळ्या रंगातलं 'भांडार' तेवढं वाचता येतं. चौकीदार निवृत्त झाला त्याला बरीच वर्षं झाली, नंतर कोणी आलंच नाही. आणि या सगळ्यात, आमच्या बांधाला लागून, साधारण चार एकर काळी जमीन अशी आहे की तिला कधी फावडंसुद्धा लागलेलं नाही. घेतली आणि विसरली.

आता तिघं तीन गोष्टी सांगतात. चुलतभाऊ म्हणतो, नव्या कायद्यात पाच वर्षं वापरली नाही तर मूळ मालकाला परत द्यावी लागते. तलाठी भाऊसाहेब म्हणतात, लिलाव निघेल तेव्हा बोली लावा. उपविभागातले एक ओळखीचे म्हणाले, ती सोलरवाल्यांना जाणार, नाद सोडा. कोणाचं खरं?

कोर्टकचेरी

तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. तुमच्या चुलतभावाचं सगळ्यात कमी.

तो म्हणतो ते २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १०१. त्यात पाच वर्षांची अट आहे हे बरोबर. पण ते कलम 'या कायद्याखाली संपादित केलेल्या' जमिनीबद्दल बोलतं. हा कायदा लागू झाला १ जानेवारी २०१४ ला. तुमची जमीन गेली १८९४ च्या कायद्याखाली. शिवाय कलम १०१ नीट वाचलं तर जमीन मूळ मालकाला किंवा वारसांना, अथवा सरकारच्या भूमी बँकेला परत जाते असं लिहिलंय. या 'अथवा'कडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. म्हणजे अगदी २०१६ ला गेलेली जमीन पडून राहिली तरी ती तुमच्याच दारात येईल याची हमी नाही.

जुन्या कायद्यात कलम १६ होतं. ताबा घेतला की जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन सरकारची. एकदा सरकारजमा झाली की मूळ मालकाचा तिच्याशी संबंध संपला, त्याचा हक्क मोबदल्यापुरता, ही भूमिका सुप्रीम कोर्टाने पुन्हा पुन्हा घेतली आहे. पुण्याच्या पीएमटीला (शहर बससेवा) दिलेल्या एका जागेवरून २०१० मध्ये निकाल आला, त्यातही हेच. ज्या कामासाठी घेतली त्यासाठी वापरली नाही म्हणून परत द्या, ही मागणी तिथे टिकली नाही. कलम ४८ खाली सरकार संपादनातून माघार घेऊ शकत होतं, पण ताबा घेण्याआधी.

तुमच्या कामाचा सगळ्यात जवळचा निकाल १९९७ चा, केरळ सरकार विरुद्ध भास्करन पिल्लई. महामार्गासाठी घेतलेल्या जमिनीतली काही उरली आणि ती मूळ मालकाला परत विकण्याचा घाट घातला गेला. कोर्ट म्हणालं, उरलेली जमीन आधी दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरा. तसं काम नसेल तर जाहीर लिलाव करा आणि आलेला पैसा सार्वजनिक कामात घाला. मूळ मालकाला जुन्या भावात देणं बसत नाही. म्हणून तलाठ्याचं म्हणणं कायद्याच्या जास्त जवळ आहे.

रानमाणूस

वकीलसाहेब, कायदा समजला. पण मग हा न्याय कुठला? एकरी काही हजारात घेतली, चाळीस वर्षं बाभळी वाढवल्या, आणि आता त्याच माणसाला सांगायचं की बाजारभावाने बोली लाव, तीही शेजारच्या प्लॉटिंगवाल्याशी.

कोर्टकचेरी

भावना पटते. पण उलट बाजूने बघा. जमीन जुन्या भावात मूळ मालकाला परत मिळते असं ठरलं तर उद्या कोणत्याही गावात, रस्त्याकडेला महाग झालेल्या जमिनीसाठी 'आता गरज नाही' असा दाखला मिळवण्याचा धंदा सुरू होईल. त्या दाखल्याचा भाव काय असेल ते मी सांगायला नको.

कालवा_निरीक्षण_पथ

मी पाटबंधारेत शाखा अभियंता म्हणून लागलो आणि उपविभागातून निवृत्त झालो. कायद्याचं वर आलंय, कागद कसा हलतो (किंवा हलत नाही) तेवढं सांगतो.

शिवारातला, तुमची जमीन अजून 'अतिरिक्त' नाहीच. ती पडीक आहे, रिकामी आहे, पण कागदावर ती प्रकल्पाची. खात्याने लेखी म्हणेपर्यंत की आम्हाला आज नको आणि पुढेही नको, ना ती परत देता येते, ना विकता येते, ना लिलावात निघते. आणि ते लेखी म्हणायला कोणी तयार नसतं. कारण साधं आहे. कार्यकारी अभियंत्याने आज सही केली आणि उद्या सांडव्याच्या दुरुस्तीला, धरणाची उंची वाढवायला किंवा बंद नलिकेला जागा लागली, तर लेखापरीक्षणात त्याची सही निघते. सही न केल्याबद्दल आजवर कोणाची चौकशी झालेली मी पाहिली नाही. जमीन पडून राहिल्याचा जाब कोणी विचारत नाही, दिल्याचा सगळे विचारतात.

कोणी केलीच सही, तर प्रस्ताव शाखेतून उपविभागात, तिथून विभाग, मंडळ, मुख्य अभियंता, मग पाटबंधारे विकास महामंडळ. महाराष्ट्रात अशी पाच महामंडळं आहेत. कृष्णा खोरे १९९६ चं, विदर्भ, कोकण आणि तापी १९९७ ची, गोदावरी मराठवाडा १९९८ चं. तुमचा प्रकल्प त्याआधीचा, म्हणजे खात्याने घेतला आणि नंतर महामंडळाकडे वर्ग झाला. अशा वेळी सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे हे बघण्यासारखं असतं. कुठे 'महाराष्ट्र शासन', कुठे 'कार्यकारी अभियंता' अमुक विभाग, कुठे महामंडळ. आणि कित्येक गटांत अजून मूळ मालकाचंच, कारण निवाड्यानंतर नोंद बदलणारं कमी-जास्त पत्रक झालंच नाही. महामंडळ स्वतःच्या मर्जीने विकून मोकळं होऊ शकत नाही, शासनाची मान्यता लागतेच. आणि खात्याला नको असलेली जमीन महसूलकडे गेली की जिल्हाधिकाऱ्यांचं राज्य. पुढे जमीन महसूल संहिता १९६६ आणि सरकारी जमीन विल्हेवाटीचे १९७१ चे नियम.

सगळ्या जमिनी एका मापात मोजू नका. बुडीत क्षेत्र सोडण्याचा प्रश्नच येत नाही. कालव्याची हद्दही नाही; भराव, निरीक्षण पथ, बाजूची चर हे सगळं रुंद वाटतं, पण पाणी सुटल्यावर कालवा कुठे फुटतो ते आम्ही पाहिलंय. राहिल्या वसाहती, गोडाऊनच्या जागा आणि मातीखाणी. यातलंच काही खरोखर उरतं. तुमचे चार एकर बहुधा मातीखाणीच्या नकाशातले. जेवढी माती लागेल असं धरलं होतं त्यापेक्षा कमी लागली, किंवा चाचणीत ती भरावाला चालली नाही. काळ्या मातीचं असं पुष्कळ ठिकाणी झालं. ती फुगते, आक्रसते, मग दुसरीकडून मुरूम आणला जातो.

शिवारातला

साहेब, सातबाऱ्यावर दोन गटांत आजोबांचंच नाव आहे! मग ती आमचीच नाही का?

कालवा_निरीक्षण_पथ

नाही. ताबा पावती आणि निवाडा खात्याकडे आहे. सातबारा महसुली नोंद आहे, मालकी त्यावरून ठरत नाही. ते नाव दाखवून विकायला जाऊ नका, घेणारा आणि तुम्ही दोघंही अडकाल. असे खरेदीखत झालेले माझ्या विभागात होते, आणि त्यातल्या घेणाऱ्यांची अवस्था बघवत नव्हती.

बांधकोर

आमच्या गावात एक जण खात्याच्या जमिनीत गेली तीस-पस्तीस वर्षं कसतोय. ती आता त्याचीच झाली ना? प्रतिकूल ताबा की काय म्हणतात.

कोर्टकचेरी

सरकारविरुद्ध मुदत ३० वर्षांची, खासगी मालकाविरुद्ध १२. पण नुसती वर्षं मोजून चालत नाही. ताबा उघड, सलग आणि 'ही माझी' असा मालकाच्या विरोधातला हवा. त्याने मध्ये एकदा जरी एकसाली (एका हंगामापुरती भाड्याने) घेतली असेल, पावती फाडली असेल, तर ताबा परवानगीचा झाला आणि दावा तिथेच मेला. आणि कोर्टात जायच्या आधी जिल्हाधिकारी संहितेच्या कलम ५० खाली अतिक्रमण म्हणून उठवू शकतात. बाभळी तोडून पेरायचा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल. ऐकू नका.

भीमाकाठ

भाड्याचा विषय निघालाय तर गाळपेरचं बोलू. आम्ही उजनीच्या पाणलोटातले. आजोबांची जमीन पाण्याखाली, घर पाण्याखाली, आणि आम्ही दरवर्षी तीच जमीन सरकारकडून भाड्याने घेतो. हसू नका, खरं आहे.

पाणी उतरू लागलं की उघडी पडणारी जमीन एका हंगामासाठी देतात. एकसाली. आधी हक्क ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचा, मग गावातले भूमिहीन आणि छोटे शेतकरी. पुन्हा पाणी चढलं की करार संपला, पीक बुडालं तर नुकसानभरपाई मागायची नाही. पक्कं बांधकाम नाही, विहीर नाही. आमच्याकडे ज्वारी, हरभरा, मका, आणि पाणी लवकर उतरलं तर कलिंगड. गाळ एवढा भारी की खताला हात लावावा लागत नाही.

गंमत हद्दीची. पाण्याखालची हद्द कोण दाखवणार? भूमापकाचा नकाशा असतो, पण दगड गाळात गेलेले. मग म्हातारी माणसं येतात. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की त्याच्या अंदाजाने, मग कोणाच्या तरी जुन्या विहिरीचं कठडं, पडक्या वाड्याचा पाया, असं धरत धरत ठरवतात की हा बांध तुझा, तो माझा. त्या म्हाताऱ्यांपैकी आता थोडेच राहिलेत. पुढच्या दहा वर्षांत हे भांडण मोजणीवरच जाईल.

२०१८-१९ च्या दुष्काळात सरकारने हीच जमीन चाऱ्यासाठी नाममात्र दरात दिली होती. मका आणि कडवळ केलं, जनावरं जगली. नियम असतात, पण मनात आणलं तर आठवड्यात आदेश निघतो हेही त्या वेळी दिसलं.

रानमाणूस

पण यात बडे लोक घुसतात ना? धरणग्रस्ताच्या नावाने अर्ज आणि कसणारा तिसराच.

भीमाकाठ

घुसतात की. मोटार, पाइप, ट्रॅक्टर ज्याचा त्याची गाळपेर. धरणग्रस्ताला बसल्या जागी काही हजार मिळतात आणि तो खूश. पोटभाडं मना आहे, पण बघायला येतो कोण?

कोयनेचा_नातू

धागा वाचतोय आणि एक गोष्ट खटकतेय. सगळे मूळ मालक आणि लिलाव यावर बोलताय. तिसरा माणूस कोणाला दिसत नाही.

कोयनेचं धरण साठच्या दशकातलं. आमच्या लोकांपैकी कित्येकांना पर्यायी जमीन अजून पूर्ण मिळालेली नाही. आज तिसरी पिढी मोर्चे काढते. आम्हाला सांगतात काय? लाभक्षेत्रात (कालव्याचं पाणी मिळतं तिथे) द्यायला जमीन शिल्लक नाही. आणि इथे वाचतो तर वसाहतीच्या जागा, मातीखाणी, गोडाऊनची मैदानं, सगळी खात्याचीच, सगळी पडलेली. मग शिल्लक नाही म्हणजे नक्की काय नाही?

शिवारातला, राग मानू नका. तुमच्या आजोबांना पैसे मिळाले, वाढीव मिळाले, बाकीचं रान तुमच्याकडे राहिलं. आमच्या आजोबांचं गावच गेलं. खात्याची एखादी जमीन खरंच उरली असेल तर पहिला हक्क आमच्यासारख्यांचा असावा, असं मला वाटतं.

शिवारातला

राग नाही दादा. मी याचा विचारच केला नव्हता. पण तुमचं पुनर्वसन आमच्या चार एकरांत करणार म्हणजे एक कुटुंब, आणि त्यात पाणी नाही. कालवा आमच्या खालच्या अंगाने जातो, ही जमीन लाभक्षेत्रात बसत नाही.

कालवा_निरीक्षण_पथ

दोघंही बरोबर. पुनर्वसनाला लाभक्षेत्रातली जमीन लागते, आणि मातीखाणी, वसाहती साधारण धरणाच्या पायथ्याशी किंवा वरच्या अंगाला असतात, जिथे कालव्याचं पाणी चढत नाही. म्हणून त्या कोणाच्या कामाला येत नाहीत. पण वसाहतीच्या काही जागा गावठाणाला अगदी योग्य आहेत. रस्ता, पाण्याची टाकी, विजेचे खांब, सगळं एकेकाळी होतं. शेतजमीन म्हणून नाही, पण घरांसाठी देता येतील. १९९९ च्या पुनर्वसन कायद्यातल्या नागरी सुविधा अर्ध्या तिथे आयत्या आहेत. आम्ही एकदा तसा प्रस्ताव वर पाठवला होता. तो अजून वरच आहे.

लक्ष्मीरोड

पुण्यात आमच्या घराजवळून मुठा उजवा कालवा जातो. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ फुटला तोच. आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून पाणी न्यायचं चाललंय. म्हणजे शहराच्या मधोमध कालव्याची मोठी लांब पट्टी रिकामी होणार. खेड्यातल्या चार एकरांवर इतकी चर्चा होते, तर इथे एका एका गुंठ्याचा भाव काढा. महापालिकेला रस्ता हवा. आम्हाला चालायला जागा हवी. बिल्डरला काय हवं ते सांगायला नकोच. कोण ठरवणार?

कोर्टकचेरी

सार्वजनिक काम पुढे असेल तर आधी तेच, लिलाव नंतर. १९९७ च्या निकालाचं सूत्र तेच. डाव्या कालव्याच्या जागी कर्वेनगरच्या बाजूला रस्ता झालाच ना. पण बोगद्याचा खर्च कालव्याची जागा विकून काढायचा का, हा प्रश्न कायद्याचा नाही, राजकारणाचा आहे. आणि कालव्याचं मूळ ब्रिटिशकाळातलं. त्या जमिनींचे निवाडे शोधायला तुम्हाला माझ्यापेक्षा इतिहास संशोधक लागेल.

व्हॅलीतली_वैशाली

मी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत राहते, नवऱ्याचं माहेर (!) सांगली जिल्ह्यातलं. इथे पाण्यासाठी 'इरिगेशन डिस्ट्रिक्ट' असतात. ते सरकारी खातं नसून तिथल्या मतदारांनी निवडलेल्या बोर्डाची स्थानिक संस्था असते. १८८७ च्या राइट कायद्याने सुरू झालेली पद्धत, आणि आमच्या शेजारचं टर्लक हे राज्यातलं पहिलं. कालवे, वीज, जमिनी सगळं त्यांचं.

त्यांची जमीन उरली तर? त्यावर राज्याचा 'सरप्लस लँड' कायदा. मला आवडलेला भाग पहिलाच आहे. जमीन नको असेल तर बोर्डाने उघड्या बैठकीत, लेखी कारणांसह, ती अतिरिक्त आहे असा ठराव करायचा. कोणीही जाऊन ऐकू शकतं. मग परवडणारी घरं बांधणाऱ्या संस्था, उद्यानं, शाळा यांना कळवायचं. त्यांना ६० दिवस. कोणी पुढे आलं तर ९० दिवस प्रामाणिक वाटाघाटी. जमलं नाही तर मग बाजारात विका. तेव्हाही घेणाऱ्याने दहा किंवा जास्त घरं बांधली तर १५ टक्के परवडणारी ठेवायची अट जमिनीवरच बसते. नियम डावलून विकलं तर दंड, पहिल्या वेळी किमतीच्या ३० टक्के, नंतर ५० टक्के.

भाड्याचीही हुशारी आहे. २०२४ पासून १५ वर्षांपेक्षा मोठा भाडेपट्टा हा विक्रीसारखाच धरतात, म्हणजे 'विकत नाही हो, फक्त ९९ वर्षं भाड्याने देतोय' ही पळवाट बंद. पण जिथे बांधकाम किंवा पाडकाम होणार नाही, नुसती शेती वगैरे, तिथे ही अट नाही.

मूळ मालकाला प्राधान्य वगैरे या यादीत दिसलं नाही.

रानमाणूस

नवऱ्याचं माहेर! 😄 ताई, उघड्या बैठकीत ठराव ही गोष्ट आपल्याकडे आली तर निम्मे प्रश्न सुटतील. इथे पेपरातली टेंडर नोटीस वाचल्यावर कळतं की आपल्या शेजारची जमीन गेली.

कालवा_निरीक्षण_पथ

वैशालीताईंनी सांगितलेली भाड्याची अट मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे विक्रीला सगळे घाबरतात आणि भाड्याला कोणी घाबरत नाही. २०१९ मध्ये सरकारने धरणांजवळची विश्रामगृहं, वसाहती, मोकळ्या जागा पर्यटनासाठी खासगी लोकांना दीर्घ मुदतीने द्यायचं धोरण घेतलं. कागदावर मालकी खात्याची. पण जी जागा माणसाच्या अख्ख्या नोकरीएवढ्या काळासाठी दिली, ती दिल्यातच जमा. आमच्या एका विश्रामगृहात एकेकाळी खानसामा पिठलं-भाकरी करायचा, तिथे उद्या तंबू आणि बार्बेक्यू. असो, वय झालं.

विजेचा_खांब

सोलरबद्दल. मी या क्षेत्रात काम करतो, कंपनीचं नाव घेत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ ची. दिवसा शेतीला वीज द्यायची, म्हणून वीज उपकेंद्राच्या आसपास छोटे प्रकल्प. खासगी शेतकऱ्याची जमीन घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने. आता तुम्हीच सांगा, कंपनी आधी कोणाकडे जाईल? जिल्हाधिकाऱ्यांकडे सरकारी जमिनींची यादी तयारच असते आणि पाटबंधारेच्या जमिनी त्यात वर असतात, कारण मोठे सलग तुकडे, वाद कमी, रस्ता जवळ.

पण घाबरू नका. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात, तेही सपाट. तुमचे चार एकर एकटे बसत नाहीत, मातीखाणीचं डबकं भरून काढणं परवडत नाही. बाभळी काढायचा खर्च वेगळा. उपकेंद्र किती लांब आहे?

शिवारातला

सहा-सात किलोमीटर.

विजेचा_खांब

मग वसाहतीसकट सगळं घेतलं तर कोणी विचार करेल. नुसतं तुमच्याकडचं कोणी घेणार नाही.

रानमाणूस

मला हे पचत नाही. मूळ मालकाने मागितली तर जाहीर लिलाव, बाजारभाव, सुप्रीम कोर्टाचा निकाल. सोलर कंपनीने मागितली तर नाममात्र भाडं. एकाच जमिनीला दोन काटे?

कोर्टकचेरी

कायद्याच्या भाषेत उत्तर आहे: वीज हे सार्वजनिक काम, तुमचा हरभरा खासगी. पण तुमचा मुद्दा बिनबुडाचा नाही. २०१३ च्या कायद्यात याची थोडी दखल आहे. कलम १०२. संपादित जमीन काहीही विकास न करता दुसऱ्याला मोबदला घेऊन दिली, तर वाढलेल्या किमतीतला ४० टक्के वाटा मूळ मालकांना किंवा वारसांना द्यायचा. कलम ९९ आणि १०० मध्ये उद्देश बदलायला आणि मालकी बदलायला बंधनं आहेत. म्हणजे २०१४ नंतर ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी निवाड्याची प्रत जपून ठेवा, विकासाविना विक्रीवर डोळा ठेवा. शिवारातलांना मात्र याचा उपयोग नाही. पुन्हा तेच, जुना कायदा.

बांधकोर

मग करायचं काय? सगळं वाचून डोकं गरगरलं.

कालवा_निरीक्षण_पथ

मी शिवारातलांच्या जागी असतो तर परत मागितली नसती. परत मागण्याचा अर्ज आला की विभाग तो विधी शाखेकडे ढकलतो, तिथून छापील उत्तर येतं, विषय संपतो. मी आधी माहिती अधिकारात अर्ज केला असता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि ३० दिवस. त्यात मागायचं काय हे महत्त्वाचं. 'जमीन का पडून आहे' असं विचारू नका, 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. मागा निवाड्याची प्रत, संयुक्त मोजणीचा नकाशा, ताबा पावती, आणि त्या गटांवर आज प्रस्तावित असलेल्या कामांची यादी. शेवटच्या मुद्द्यावर 'निरंक' असं उत्तर आलं तर तो कागद सोन्याचा. तुम्ही जमीन न मागताच खात्याने लिहून दिलं की इथे काही करायचं नाहीये.

तो हातात आला की एकसाली भाड्याने मागा. विक्रीचा विषयही काढू नका. एका हंगामासाठी, विना बांधकाम, खात्याला लागेल तेव्हा खाली करून देऊ असं हमीपत्र लावून. एकसालीला सही करताना अधिकाऱ्याला भीती कमी वाटते, कारण त्यात 'पुढेही नको' असं लिहावं लागत नाही. जाहिरात काढून, दर मागवून देतील, ते बरोबरच आहे. तुम्हाला शेजारचा म्हणून फायदा इतकाच की वाट तुमच्या रानातून जाते. बाकीच्यांना ट्रॅक्टर कुठून न्यायचा हा प्रश्न पडेल.

कोर्टकचेरी

वाटेचा फायदा घ्या, पण अडवणूक करू नका. तहसीलदाराकडे रस्त्याचा दावा लागला तर तो हरण्यासारखा असतो. आणि एकसाली घेतलीत की प्रतिकूल ताब्याचा विचार पुढच्या पिढीनेही सोडायचा, हे घरात सांगून ठेवा. चुलतभावाला विशेषतः.

कोयनेचा_नातू

माहिती अधिकारात एक ओळ माझ्यासाठीही टाका. त्या प्रकल्पाच्या वसाहतीच्या जागेचं क्षेत्र किती आणि ती पुनर्वसनासाठी कधी प्रस्तावित झाली होती का.

शिवारातला

टाकतो. सोमवारी तालुक्याला जातोच आहे, स्टॅम्प घेतो. अर्ज विभागाच्या नावाने द्यायचा की महामंडळाच्या?

कालवा_निरीक्षण_पथ

विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या. कागद तिथेच असतात. महामंडळाला दिलात तर ते पाच दिवसांत विभागाकडेच वर्ग करतील. आणि जुने सर्व्हे नंबर लिहा, निवाडा त्यांवरच असतो. आजोबांच्या पेटीत कलम १८ च्या दाव्याचे कागद असतील तर त्यावरून नंबर जुळवून घ्या, कोर्टाच्या निकालात क्षेत्र आरपर्यंत लिहिलेलं असतं.